कातर आधी, पेन्सिल मागून : फॅशन डिझाइनचे तुमचे प्रश्न

या अंकासाठी कपड्यांच्या धंद्यात, त्यातही फॅशन डिझाइनमध्ये कसं शिरायचं याबद्दलचे प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले आहेत.

प्रश्न : मी बारावी आर्ट्सला आहे. चित्रकला चांगली आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड मिळाली होती. फॅशन डिझायनर व्हायचंय. घरचे म्हणतात, ‘शिवाणकाम शिकाले मुंबईले कसाले जावानं?’ निफ्टसाठी (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसाठी) क्लास लावू का? आणि नंबर नाही लागला तर? – एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शिवण शिकायला मुंबई लागत नाही. पण शिवण अजिबात न येता मुंबईला गेलीस, तर पहिल्याच सेमिस्टरला तारांबळ उडेल. तेव्हा दोन्ही कामं एकदम सुरू कर.

आधी परीक्षेचं. निफ्टच्या चार वर्षांच्या बी.डिझाइनला बारावीची कोणतीही शाखा चालते, वय २४ च्या आत हवं. आर्ट्सवाल्यांना बंद आहे तो बी.एफ.टेक. हा फॅशन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम, त्याला गणित आणि विज्ञान लागतं. बी.डिझाइनच्या निवडीत तीन भाग असतात : क्रिएटिव्ह अॅबिलिटी टेस्टला ५० टक्के वजन, जनरल अॅबिलिटीला ३०, आणि पुढच्या फेरीत निवडलेल्यांच्या सिच्युएशन टेस्टला २०. जनरल अॅबिलिटीत इंग्रजी, अंकगणित, तर्क आणि चालू घडामोडी येतात. मराठी माध्यमाची चांगली हाताची मुलं इथेच अडकतात. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर ड्रॉइंगच्या क्लासवर कमी आणि इंग्रजी-गणितावर जास्त खर्च. अर्ज साधारण दिवाळीनंतरच्या काळात भरले जातात आणि परीक्षा बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर येते. त्यामुळे तयारी अकरावीच्या सुट्टीतच व्हायला हवी.

चित्राबद्दल एक गोष्ट पक्की समजून घे. ग्रेड परीक्षेत स्थिरचित्र नि संकल्पचित्र नीटनेटकं लागतं. इथे कल्पना बघतात. रोज एक पान काढ. शनिवारी संध्याकाळी जळगावच्या फुले मार्केटमध्ये दुकानाच्या पायरीवर साडी उलगडून बघणाऱ्या बायका, एसटीत खिडकीशी झोपलेला माणूस, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. वही समोर न धरता आधी बघायचं, मग घरी आठवून काढायचं. सिच्युएशन टेस्टमध्ये तारा, कागद, कापड असं काहीबाही देऊन ठरावीक वेळात वस्तू बनवायला सांगतात. त्यासाठी घरातल्या टाकाऊ सामानावर घड्याळ लावून हात चालव. बहुतेक मुलांचं मॉडेल दिसायला छान असतं, पण उचललं की मोडतं. जोड पक्का कसा करायचा ते शीक.

खर्च आताच सांगून ठेवावा हे बरं. फी, वसतिगृह, कापड आणि साहित्य धरून चार वर्षांचे दहा लाखांच्या वर जातात. पालकांच्या उत्पन्नावर आधारित फीसवलतीची योजना निफ्टमध्ये आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. खानदेशातून खारघरचं केंद्र आणि गांधीनगरचं केंद्र दोन्ही सोयीची आहेत.

नंबर नाही लागला तर वर्ष वाया घालवू नकोस. आयटीआयमध्ये सुईंग टेक्नॉलॉजी आणि फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, तंत्रशिक्षण मंडळाचे पदविका अभ्यासक्रम आहेत, एसएनडीटी विद्यापीठात पदवी आहे. आयटीआयचं नाव ऐकून नाक मुरडणारे बरेच भेटतील. पण कारखान्याच्या सॅम्पलिंग विभागात ज्याला पॅटर्न कापता येतो त्याला आधी काम मिळतं, आणि तो कापायला आयटीआय चांगलं शिकवतं.

बोर्डाची परीक्षा संपली की पाच मीटर मांजरपाट (कोरं, जाडंभरडं सुती कापड) आण. भिजवून, वाळवून, इस्त्री करून त्यावर स्वतःच्या मापाची साधी बॉडी काप : छातीचं माप भागिले चार, अधिक अर्धा इंच ढिलाई, शिलाई मार्जिन वेगळं. छाती ३४ असेल तर साडेआठ अधिक अर्धा, नऊ इंच. कच्चा टाका घालून अंगावर चढव आणि आरशात सुरकुत्या वाच. मुंढ्यातून (बाही जोडायच्या गोलाईतून) छातीच्या टोकाकडे तिरप्या घड्या पडत असतील तर टक (फुगवट्यासाठी शिवायची घडी) कमी पडलाय. मागच्या गळ्याखाली आडवी वळी उठत असेल तर पाठीची उंची जास्त झालीय. बाही हातावर पिळल्यासारखी फिरत असेल तर कापाचा उभा धागा सरकलाय किंवा बाहीची मधली खूण खांद्याच्या शिलाईला लागलेली नाही. बाहीच्या वरच्या गोलाईचं माप मुंढ्याच्या मापापेक्षा साधारण एक इंच जास्त लागतं. सारखंच ठेवलं तर बाही खांद्याच्या गोलाईवर नीट बसत नाही. अशा चार बॉडी कापून झाल्या की तुझं ड्रॉइंगही बदलेल, कारण कागदावरची रेघ कापडात कुठे शिवली जाणार आहे हे दिसायला लागतं.

प्रश्न : मी बी.कॉम. झालोय, वडिलांचं कापडाचं छोटं दुकान आहे. शिवता येत नाही, थोडंफार कॉम्प्युटरवर डिझाइन येतं. मुलांना या क्षेत्रात काम मिळतं का? – एक वाचक, धुळे

उत्तर : मिळतं, आणि तुमच्यासाठी ते मुंबईपेक्षा सुरतेत लवकर मिळेल. धुळ्याहून सुरतचा रस्ता सरळ आहे, उधना-लिंबायतकडे निम्मं खानदेश राहतं, राहायची सोय ओळखीने होते.

सुरतला शिवणाऱ्या डिझायनरपेक्षा कापडाच्या डिझायनरची मागणी मोठी आहे. एक काम प्रिंट डिझाइनचं. फोटोशॉप येत असेल तर ‘रिपीट’ शिकून घ्या, म्हणजे नक्षी चारही बाजूंनी जोड न दिसता पुन्हा पुन्हा कशी बसवायची ते. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून उभी नक्षी ६४, ३२, १६ अशा पूर्ण भागात बसावी लागते. नवी मुलं ५० सेंटिमीटरची सुंदर फुलांची वेल घेऊन जातात आणि ती परत येते. रंग मोजून वापरा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, आठ रंगांचं काम पाच रंगांत दिसलं तर व्यापारी खूश. डिजिटल छपाईला ही अडचण नाही, पण तिथे फाइल ३०० डीपीआयची आणि खऱ्या मापात हवी.

दुसरं काम एम्ब्रॉयडरी पंचिंगचं, म्हणजे नक्षीचं मशीनला समजेल अशा टाक्यांत रूपांतर. यात टाक्यांची दिशा आणि दाटी महत्त्वाची. जॉर्जेटवर दाट भरलेलं फूल धुतल्यावर गोळा होतं. तिथे दाटी कमी करून खाली आधाराचा टाका द्यावा लागतो. तिसरं मर्चंडायझिंग. ऑर्डर, सॅम्पल, कापड, तारखा यांचा हिशेब ठेवणं. बी.कॉम. इथे कामी येतं.

वडिलांच्या दुकानाला कमी लेखू नका. कोणता माल दिवाळीला गेला, कोणता लग्नसराईत, कोणता रंग दोन वर्षं पडून राहिला हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याची मुलाखत वेगळी होते. सहा महिन्यांची नोंद वहीत करून घेऊन जा.

प्रश्न : मी छत्री कट अनारकली शिवते. धुतल्यावर खालचा घेर वर-खाली होतो, दोन ठिकाणी लोंबतो. आणि ब्लाऊजचं अस्तर आत गोळा होतं. गिऱ्हाईक परत आणून देतं. चूक कुठे होते? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : दोन्ही चुका शिलाईतल्या नाहीत, शिलाईआधीच्या आहेत.

छत्री घेरात, म्हणजे वर्तुळात कापलेल्या घेरात, कापडाचा काही भाग उभ्या धाग्यावर असतो, काही आडव्या, आणि मधला उरेब, म्हणजे तिरपा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ताणतं. तुम्ही कापून लगेच खालची दुमड घालता, तेव्हा घेर सारखा असतो. मग चार दिवस हँगरला लटकला की उरेबाच्या चार जागा खाली येतात. म्हणून वरची बॉडी जोडून झाल्यावर खालची दुमड न घालता कपडा एक रात्र आणि एक दिवस टांगून ठेवायचा. जॉर्जेट-शिफॉन असेल तर दोन दिवस. मग गिऱ्हाइकाला घालायला लावून, जमिनीपासून पट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खूण करायची आणि जास्तीचं छाटायचं. गिऱ्हाईक येऊ शकत नसेल तर डमीवर. टेबलावर पसरून छाटलं तर पुन्हा तेच.

मापाचा हिशेबही बघून घ्या, कारण पत्रात तुम्ही कंबर ‘अंदाजे’ कापता असं लिहिलंय. पूर्ण छत्रीला कंबर भागिले ६.२८. कंबर २८ तर साधारण साडेचार इंच त्रिज्या. ही शिलाईची रेघ. कापताना अर्धा इंच आत, म्हणजे चार इंचांवर कापायचं. साडेचारवर कापून पुन्हा अर्धा इंच मार्जिन घेतलं की कंबर तीन इंचांनी वाढते, मग तुम्ही ती चुण्या घालून बसवता आणि छत्रीची छत्री राहत नाही. तयार उंची ३६ आणि दुमड १ इंच धरली तर बाहेरची त्रिज्या साडेएकेचाळीस. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात दोन अर्धी वर्तुळं बसतात, एकेकाला ८३ इंच लांबी, दोन मिळून १६६. म्हणजे सव्वाचार मीटर, साडेचार घ्यावं. ३६ पन्हा असेल तर या उंचीची छत्री जोड दिल्याशिवाय बसणार नाही, गिऱ्हाइकाला ते कापड विकत घेण्याआधीच सांगा. कमरेची गोलाई कापल्याबरोबर कडेला एक साधी टीप मारून ठेवा, नाहीतर हाताळताना तीही ताणते.

अस्तराचं कारण आणखी साधं. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं. वरचं रेशमी किंवा पॉलिस्टर कापड आटत नाही. मग वरचं मोठं, आतलं छोटं, आणि सगळं गोळा. अस्तर तीन-चार तास साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित दमट असताना उभ्या धाग्याने इस्त्री करा, मग कापा. गडद रंगाच्या अस्तराचं पाणी बघा. रंग सुटत असेल तर फिक्या ब्लाऊजला ते लावू नका. काही जणी हा त्रास टाळायला क्रेपचं कृत्रिम अस्तर लावतात. मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांत लग्नाला उभं राहिलेल्या बाईला विचारा, ती पुढच्या वेळी दुसऱ्या शिंप्याकडे जाईल.

प्रश्न : वय ३४. घरी फॉल-पिको, ब्लाऊज, ड्रेस शिवते. आता स्वतःचे तयार कुर्ते बनवून विकायचे आहेत, पुढे बुटीक काढायचंय. कोणतं मशीन घेऊ? भाव कसा ठरवू? सरकारी मदत मिळते का? – एक गृहिणी, शिरपूर

उत्तर : ताई, मशीन शेवटी घ्या. आधी तीन फूट बाय सहा फुटांचं, कमरेएवढ्या उंचीचं कटिंग टेबल आणि चांगली वाफेची इस्त्री. जमिनीवर बसून कापलेला कुर्ता एक चालतो, वीस चालत नाहीत, मापं सरकतात. मग इंटरलॉक (कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन), कारण तयार मालाची गिऱ्हाइकं आधी आतली बाजू उलटून बघतात. त्यानंतर सर्व्हो मोटारवालं इंडस्ट्रियल मशीन. क्लच मोटार स्वस्त मिळते, पण ती टाका न घालतानाही फिरत राहते आणि वीज खाते. जुनं पायमशीन विकू नका. लाइट गेली की तेच उपयोगी. सुया मात्र वेगळ्या डब्यांत ठेवा : घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, इंडस्ट्रियलचा गोल. मलमल-शिफॉनला ११ नंबर, साध्या कॉटनला १४, जाड कापडाला १६. बोथट सुईने पातळ कापडाचे धागे ओढले जातात आणि आपण उगाच मशीनला दोष देतो.

आता भाव. हे आकडे फक्त उदाहरणाचे, तुमचे तुम्ही भरा. एका कुर्त्याला कापड अडीच मीटर, १४० रुपये दराने ३५०. दोरा, बटणं, कॅनव्हास ३०. कटिंग-शिलाई तीन तास, तासाला ८० धरून २४०. इस्त्री-पॅकिंग ३०. झाले ६५०. बिघाड आणि आल्टरचे ३०, वीज-जागा-प्रवासाचे ७०. एकूण खर्च ७५०. यावर ३० टक्के नफा धरला की ९७५. घरून विकलात तर हा भाव बरोबर. पण हाच कुर्ता दुकानात ९७५ ला ठेवला आणि दुकानदाराने ३५ टक्के कापले, तर तुमच्या हातात पडतात ६३४, म्हणजे खर्चापेक्षा ११६ कमी. दुकानात ठेवायचा तर किंमत १५०० लागेल, तेव्हा कुठे ९७५ सुटतील. १५०० ला तो जात नसेल तर डिझाइन बदला किंवा कापड. स्वतःच्या तासाचे ८० खोडू नका. बहुतेक घरगुती धंदे इथेच बसतात, कारण ‘माझी मेहनत काय, घरचीच आहे’ असं म्हणून तो आकडा शून्य धरला जातो. मग पहिली बाई कामाला ठेवली की तिचा पगार कुठून द्यायचा ते कळत नाही.

सुरुवात एकाच नमुन्याने करा. तीन मापं, तीन रंग, नऊ ते अठरा पिसं. एका रंगाचं सगळं कापड एकाच लॉटमधून घ्या. महिन्याने त्याच दुकानातून तोच रंग आणला तरी छटा वेगळी निघते आणि बाही-बॉडी जुळत नाही. सुरतच्या होलसेल बाजारात एकेक पीस मिळत नाही, सेट घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या दोन खेपांना धुळ्याचा पाचकंदील पुरेसा आहे.

मदतीबद्दल : सप्टेंबर २०२३ पासूनच्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. तुमच्या भागात शिंपीकामाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात आधी विचारा, मगच कागदपत्रांसाठी धावपळ करा. मुद्रा कर्जाचा शिशु गट ५० हजारांपर्यंत आहे. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर वाट बदला. आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) महिनाभराचं शिवणाचं मोफत प्रशिक्षण असतं, पण तुम्हाला ते मागे जाण्यासारखं होईल.

जीएसटीत एक खाच आहे. वर्षाची मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच, तर नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल विकायचा तर ही सूट लागू होत नाही. शिरपूरहून सेंधवा घरच्यासारखं, पण हिशेबात ते मध्य प्रदेश.

प्रश्न : आमच्याकडे केळीची खोडं फुकट जातात. त्याच्या धाग्याचे कपडे बनवता येतील का? – एक शेतकरी कुटुंब, रावेर

उत्तर : येतात, पण कुर्ता-ब्लाऊजची आशा धरू नका. केळीचा धागा लांब, जाड आणि ताठ. कापसाच्या सूतगिरणीची यंत्रं तीनेक सेंटिमीटरच्या मऊ तंतूसाठी बनलेली. तिथे तो तसाच चालत नाही. त्यातला डिंकासारखा भाग काढून, मऊ करून, कापून कापसात मिसळावा लागतो, आणि ती प्रक्रिया घरगुती नाही. हातमागावर ताणा (उभा धागा) कापसाचा आणि बाणा (आडवा) केळीचा ठेवला तर कापड निघतं. त्याला चमक छान असते, पण घडी पडली की जात नाही. पिशव्या, आसनं, जाकिटं, चपलांचे पट्टे यांना ते शोभतं. घड कापल्यावर खोड जितकं पडून राहील तितका धागा तपकिरी होतो, म्हणून यंत्र शेताच्या जवळ हवं. यंत्रावर पैसे घालण्याआधी दुसऱ्याच्या यंत्रावर काढलेला पाच किलो धागा विकत घ्या आणि दहा पिशव्या बनवून विकून बघा.

प्रश्न : तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट मिळतं. त्यावर नोकरी लागेल का? – एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : सर्टिफिकेटवर नाही, पोर्टफोलिओवर लागेल. पंधरा ते वीस ए-थ्री पानं पुरेत. निम्मी पानं चित्रांची, निम्मी बनवलेल्या कपड्यांची : समोरून, मागून, आणि आतली शिलाई दिसेल असा एक जवळचा फोटो. प्रत्येक कपड्याशेजारी त्याचं सपाट रेखाचित्र मापांसह, कापडाचा दोन इंचांचा तुकडा चिकटवलेला, किती मीटर लागलं आणि खर्च किती आला ते लिहिलेलं. फॅशन चित्रातली आकृती नऊ डोक्यांची उंच असते, खरं माणूस साडेसात डोक्यांचं. म्हणून सपाट रेखाचित्र नसेल तर कटिंग मास्टर तुमचं चित्र बघून कपडा कापू शकत नाही. एक पान फसलेल्या मांजरपाटाचंही ठेव, काय चुकलं आणि पुढच्या कापात काय बदललं यासह. मुलाखत घेणारे त्याच पानावर सर्वात जास्त वेळ थांबतात. ऑनलाइन कोर्स सॉफ्टवेअर शिकायला चांगला, कटिंग शिकायला नाही. त्यासाठी गावातल्या एखाद्या मास्टरच्या टेबलाशी तीन महिने उभी राहा, पहिला महिना नुसतं ओव्हरलॉकचे धागे कापायला लावले तरी.